ताटात उरलेल्याचे वजन: हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रकल्प

हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रकल्प बाकीच्या विषयांपासून जरा फटकूनच असतो. दादरची १९५४ साली सुरू झालेली संस्था असो, गोव्यातल्या पर्वरीची असो की पुण्यातले एखादे महाविद्यालय, आधीची वर्षे हाताला वळण लावण्यात जातात. कांदा एकसारखा चिरणे, चादरीचे कोपरे ताणून बसवणे, एका हातावर तीन प्लेटा पेलणे, फ्रंट ऑफिसला उभे राहून रात्री अकराला आलेल्या थकलेल्या पाहुण्याशी गोड बोलणे. मग इंडस्ट्रियल ट्रेनिंगचे महिने येतात आणि लॉगबुक भरते. या सगळ्यात काम कसे करायचे ते आधीच ठरलेले असते. विद्यार्थ्याने ते नीट करून दाखवायचे. प्रकल्पात मात्र उत्तर कोणालाच ठाऊक नसते, निदान नसावे. हाताने शिकलेल्या मुलांना हा बदल जड जातो. हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेच्या बीएस्सीत आणि विद्यापीठांच्या बीएचएमसीटी पदवीत अनेकांची ‘ब्लॅकबुके’, म्हणजे बायंडिंग केलेले प्रकल्प-अहवाल, म्हणूनच एकमेकांची भावंडे दिसतात.

प्रकल्पाचे टप्पे सगळीकडे जवळपास सारखेच असतात. विषय ठरवून गाइडकडे सिनॉप्सिस द्यायचा, आधीचे संशोधन वाचायचे, पद्धत ठरवायची, माहिती गोळा करून तिचे विश्लेषण करायचे, अहवाल लिहायचा आणि मुखपरीक्षेला उभे राहायचे. या टप्प्यांना सारखा वेळ मात्र लागत नाही. विद्यार्थी विषय एका संध्याकाळी ठरवतात आणि बायंडिंगवाल्याच्या दुकानात तीन दिवस घालवतात. खरे तर हे प्रमाण उलटे असायला हवे.

विषयाची निवड

‘पुण्यातील तारांकित हॉटेलांमधील ग्राहकसमाधानाचा अभ्यास’ या धाटणीचे शीर्षक गाइडच्या टेबलावर हमखास येते. त्यातला प्रत्येक शब्द एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. पुणे म्हणजे हिंजवडी की कोरेगाव पार्क? तारांकित म्हणजे तीन तारे की पाच? ग्राहक म्हणजे कंपनीच्या खर्चाने राहणारा इंजिनिअर की लग्नाला आलेले कुटुंब? आणि समाधान कशाचे? एवढ्या मोठ्या विषयावर शेवटी ‘बहुतेक ग्राहक समाधानी आहेत’ एवढेच लिहिता येते, आणि त्याने कोणाचेच अडत नाही.

विषय उपयोगी ठरतो तो त्याचे उत्तर ऐकून कोणीतरी काही वेगळे करणार असेल तेव्हा. कॉफी शॉपच्या मॅनेजरला मेन्यूतली कोणती डिश काढावी हे हवे असते. हाउसकीपिंगच्या प्रमुखाला हवे असते चेक-आउट झालेली खोली पुन्हा विकण्याजोगी व्हायला लागणारा वेळ कुठे वाया जातो ते. सरकारी नियमांतूनही चांगले प्रश्न मिळतात. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. एखाद्या किचनमध्ये वड्यासाठी, चिकनसाठी आणि फ्रेंच फ्राइजसाठी वापरलेले तेल किती फेऱ्यांनंतर या रेषेजवळ येते, हे हातात धरायच्या मीटरने तपासता येते. मोठ्या साखळी रेस्टॉरंटांना मेन्यूवर उष्मांक छापणे २०२२ पासून बंधनकारक झाले. ते आकडे वाचून ग्राहकाची ऑर्डर बदलते का, हाही छोटा, नेटका प्रश्न आहे.

विषयाला आणखी एक गाळणी लावावी लागते. दोन-अडीच महिन्यांत, कॉलेज सांभाळून, खिशातल्या पैशांत जिथे खरोखर पोचता येईल अशी जागा हवी. ज्या हॉटेलात ट्रेनिंग झाले तिथला शेफ ओळखीचा असतो, म्हणून ते हॉटेल सोयीचे. संस्थेचे ट्रेनिंग रेस्टॉरंट, वसतिगृहाची मेस, इस्पितळाचे कॅन्टीन या जागांना विद्यार्थी कमी प्रतीच्या समजतात. पण तिथे रोज जाता येते, आणि रोज जाता येणे हा संशोधनातला मोठा फायदा आहे. समाजमाध्यमांवर फोटो टाकायला पंचतारांकित लॉबी बरी. माहिती मात्र मेसमध्ये जास्त मिळते.

विचारणे आणि पाहणे

विषय ठरला की बहुतेकांच्या मनात पुढचे पाऊल एकच असते: गुगल फॉर्म. वीस प्रश्न तयार करायचे, वर्गाच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि शंभर उत्तरे आली की तक्ते काढायचे. आदरातिथ्य व्यवसायात हा मार्ग किती फसवा असू शकतो, याचे उदाहरण नव्वद वर्षांपूर्वीचे आहे आणि तेही हॉटेलांमधलेच.

रिचर्ड लापिएर हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ. १९३०च्या सुमारास त्यांनी एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीने अमेरिकाभर मोठा प्रवास केला. त्या काळात तिथे चिनी लोकांविरुद्धचा पूर्वग्रह उघड आणि तीव्र होता. तरी हॉटेले, प्रवासी निवास आणि रेस्टॉरंटे धरून अडीचशेहून अधिक ठिकाणी हे तिघे गेले, आणि त्यांना नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी लापिएर यांनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारले, की तुम्ही चिनी पाहुण्यांना प्रवेश द्याल का? १२८ उत्तरे आली. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मालकांनी ‘नाही’ असे लिहिले होते. हा लेख १९३४ साली छापून आला.

त्यावर आक्षेपही आले. पत्राला उत्तर देणारा मालक आणि काउंटरवर खोली देणारा कारकून एकच माणूस नसेल. जोडप्यासोबत एक गोरा प्राध्यापक होता, त्याचाही परिणाम झाला असेल. हे आक्षेप योग्यच आहेत, आणि तेच विद्यार्थ्याच्या कामाचे आहेत. उत्तर कोणी दिले, कोणाच्या देखत दिले आणि तेव्हा पणाला काय लागले होते, हे कळल्याशिवाय फॉर्ममधल्या उत्तराला वजन येत नाही. ‘तुम्ही पर्यावरणस्नेही हॉटेलासाठी जास्त पैसे द्याल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणताना कोणाच्या खिशातून काही जात नाही.

हेच पर्यावरणाचे कोडे पाहण्याच्या वाटेने सोडवायचा प्रयत्न गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशस यांनी केला. त्यांचा लेख २००८चा. टॉवेल पुन्हा वापरा असे सांगणारी कार्डे आता बाथरूममध्ये सर्रास दिसतात. या तिघांनी अमेरिकेतल्या एका मध्यम हॉटेलच्या १९० खोल्यांमध्ये वेगवेगळ्या मजकुरांची कार्डे लावली आणि टॉवेल पुन्हा वापरला गेला की नाही याची नोंद खोली साफ करणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून घेतली. पर्यावरण वाचवा असे सांगणाऱ्या कार्डावर सुमारे ३५ टक्के प्रतिसाद मिळाला. बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असे लिहिलेल्या कार्डावर तो सुमारे ४४ टक्के होता. पुढच्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेल्या’ पाहुण्यांचा दाखला दिला तेव्हा तो ४९ टक्क्यांच्या आसपास गेला. कोणालाही एकही प्रश्न विचारलेला नव्हता. पुढे जर्मनीतल्या हॉटेलांमध्ये हीच कल्पना तपासली गेली, त्याचा लेख २०१४ साली आला. तिथे साधे पर्यावरणाचे कार्डही तितकेच परिणामकारक ठरले. म्हणजे अमेरिकेतले उत्तर अलिबाग किंवा महाबळेश्वरला जसेच्या तसे लागू होईल असे धरता येत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याने जुनाच प्रयोग आपल्या गावात करून पाहण्यात कमीपणा नाही. संशोधनाची वाढ बरीचशी अशीच होते.

प्रश्नावलीचे आपले काम आहेच. मत, कारण, आठवण, अपेक्षा या गोष्टी पाहून कळत नाहीत, विचाराव्याच लागतात. पण जे मोजता येते ते विचारून मिळवण्याचा आळस करू नये.

आधीचे संशोधन

साहित्याचा आढावा हे प्रकरण बहुतेक ब्लॅकबुकांत सर्वांत निर्जीव असते. अमुक यांनी अमुक साली असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले, अशी पंधरा पाने जातात. आढावा लेखकांच्या क्रमाने लावण्याऐवजी प्रश्नांच्या क्रमाने लावला की तो बोलू लागतो. कशावर एकमत आहे, कुठे मतभेद आहेत आणि आपल्या जागेबद्दल कोणी काहीच पाहिलेले नाही असे काय आहे, एवढे तीन प्रश्न पुरतात.

शोधायला जागा बऱ्याच आहेत. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात भारतीय विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध मोफत वाचता येतात, आणि त्यांत हॉटेल व पर्यटन विषयांवरचे अनेक आहेत. १९६०पासून निघणारे कॉर्नेलचे नियतकालिक आणि ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट’ ही या क्षेत्रातली मुख्य नावे. गुगल स्कॉलरवर त्यांतले निदान सारांश तरी सापडतात. चॅटबॉटकडून संदर्भांची यादी मागवण्याची नवी सवय धोक्याची आहे. तो कधी कधी अस्तित्वात नसलेला लेख खऱ्या वाटणाऱ्या नावासकट आणि सालासकट देतो. जो लेख स्वतः उघडून पाहिला नाही तो संदर्भात घालू नये, हा नियम चॅटबॉटच्या आधीपासूनचा आहे. मोडणारे तेव्हाही होते.

तयार मोजपट्ट्या

सेवेचा दर्जा मोजण्यासाठी परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांनी १९८८ साली मांडलेली ‘सर्व्हक्वाल’ ही २२ विधानांची मोजपट्टी विद्यार्थ्यांची लाडकी आहे. पाहुण्याची अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतले अंतर ती मोजते. त्यासाठी एकाच माणसाला २२ विधाने दोनदा विचारावी लागतात. चेक-आउटच्या रांगेत, टॅक्सी बाहेर उभी असताना, हे कोणी धड भरत नाही. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ साली फक्त अनुभव मोजणारी ‘सर्व्हपर्फ’ सुचवली. पदवीच्या प्रकल्पाला ती पुरते.

स्वतः प्रश्न लिहायचे तर एका प्रश्नात दोन गोष्टी येऊ देऊ नयेत. ‘जेवण चविष्ट आणि गरम होते का?’ याला जेवण चविष्ट पण गार मिळालेल्या माणसाने काय उत्तर द्यावे? कर्मचाऱ्यांसाठीची प्रश्नावली इंग्रजीत ठेवली की मॅनेजर ती भरतो आणि भांडी घासणारा सही करतो. म्हणून ती हिंदीत किंवा मराठीत करावी. दुसऱ्या कोणाकडून ती पुन्हा इंग्रजीत करून घेतली आणि मुळाशी पडताळली की अर्थ कुठे सरकला ते दिसते. मग आठ-दहा जणांवर चाचणी घ्यावी. या चाचणीतच निम्मे प्रश्न कापले जातात, आणि ते बरेच असते.

नमुना किती मोठा घ्यावा यासाठी क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा तक्ता वापरतात. शंभरांच्या गटासाठी ८०, हजारांसाठी २७८ आणि खूप मोठ्या गटासाठी ३८४. हे आकडे ब्लॅकबुकात मंत्रासारखे उतरतात. पण त्यांमागे एक अट आहे: गटातल्या प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी हवी. मित्रांच्या ग्रुपवर फिरवलेल्या फॉर्मला ३८४ उत्तरे आली तरी ती अट पुरी होत नाही. त्यापेक्षा साठ पाहुणे नियमाने निवडावेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत बाहेर पडणारा प्रत्येक पाचवा, आणि मर्यादा उघड सांगावी. परीक्षकही ते मान्य करतो.

मेन्यूच्या अभ्यासासाठी कसावाना आणि स्मिथ यांची १९८२ची पद्धत आजही चालते. प्रत्येक डिशची लोकप्रियता आणि तिच्यावर कच्च्या मालाचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, या दोन मापांवर मेन्यूचे चार गट पडतात. लोकप्रियतेची रेषा ठरलेली आहे: समान वाट्याच्या ७० टक्के. मेन्यूत २० डिश असतील तर समान वाटा पाच टक्के आणि रेषा साडेतीन टक्के. महिन्यात हजार प्लेटा विकल्या गेल्या तर ३५पेक्षा कमी खपलेली डिश मागे पडली. लागणारी सगळी माहिती केओटीत (किचन ऑर्डर तिकिटात) आणि बिलिंगच्या संगणकात पडलेलीच असते. या पद्धतीत एक खोच आहे. डिशचे यश बाकीच्या डिशांशी तुलना करून ठरते, त्यामुळे एक डिश काढली की सगळ्या रेषा हलतात आणि काल बरी असलेली डिश आज मागे दिसते. शिवाय मजुरी यात धरलेली नाही. पुरणपोळीत उरणारी रक्कम कागदावर घसघशीत दिसते. ती लाटणाऱ्या हातांचा वेळ कागदावर येत नाही.

परवानगी

खोल्या किती टक्के भरल्या आणि सरासरी भाडे काय, हे आकडे हॉटेले सहजी देत नाहीत. शंभर खोल्यांपैकी ७० खोल्या सरासरी ५,००० रुपयांना गेल्या तर उपलब्ध खोलीमागे उत्पन्न ३,५०० रुपये. एवढे एक वाक्य समोरच्या हॉटेलच्या सेल्स मॅनेजरला सोन्यासारखे असते. म्हणून महाविद्यालयाच्या पत्रात काय हवे, काय नको आणि नाव कसे झाकणार हे आधीच लिहावे. अहवालात ‘हॉटेल अ’ म्हणताना ‘विमानतळाजवळचे, छतावर तलाव असलेले’ असे वर्णन घातले तर झाकून काय उपयोग?

पाहुण्यांची नावे, फोन, ओळखपत्रे यांना हातही लावू नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, आणि प्रकल्पाला या तपशिलांची गरजही नसते. कर्मचाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक. सुपरवायझर शेजारी उभा असताना वेटरला ‘नोकरी सोडावीशी वाटते का?’ विचारले तर उत्तर सुपरवायझरला मिळते, संशोधकाला नाही. मुलाखती ड्यूटीनंतर, हॉटेलच्या बाहेर, नाव न लिहिता घ्याव्यात, आणि नको म्हणणाऱ्याला सोडून द्यावे.

एक उदाहरण: सकाळचा बुफे

प्रत्यक्ष मोजणी कशी करायची हे एका प्रश्नावर सविस्तर पाहणे बरे. प्रश्न असा: नाश्त्याच्या बुफेत लहान प्लेट ठेवली तर ताटात टाकले जाणारे अन्न कमी होते का? नॉर्वेतल्या ५२ हॉटेलांवर याबद्दल झालेला अभ्यास २०१३ साली छापला गेला. लहान प्लेटने, आणि पुन्हा पुन्हा वाढून घ्या असे सुचवणाऱ्या छोट्या पाटीनेही, अन्नाची नासाडी सुमारे २० टक्क्यांनी घटली. इडली, पोहे, पराठे आणि ऑम्लेट एकाच टेबलावर असलेल्या आपल्याकडच्या बुफेत काय होईल ते करूनच पाहावे लागेल.

नाश्ता निवडण्याचे कारण असे की वेळ ठरलेली असते, पाहुणे बहुतेक हॉटेलात राहणारेच असतात आणि किती जण खाऊन गेले याची नोंद दारावरच होते. वाया जाणारे अन्न तीन जागी असते: किचनच्या तयारीत, बुफे काउंटरवर आणि ताटात. प्रश्न ताटाचा आहे, म्हणून बाकी दोन त्यात मिसळू नयेत. काउंटरवर उरलेले मात्र वेगळे मोजावे. नाहीतर ताटातले कमी झाले आणि काउंटरवर तितकेच वाढले, हे लक्षातच येणार नाही.

भांडी धुण्याच्या जागी तीन डबे ठेवावे लागतात. एकात खाण्याजोगे अन्न, दुसऱ्यात केळ्याची साले, अंड्याची टरफले, चहाच्या पिशव्या आणि कागदी रुमाल, तिसऱ्यात सांबार, दूध, रस. रिकाम्या डब्याचे वजन आधी घ्यायचे, काटा रोज एकच वापरायचा, वजनाची वेळ ठरलेली ठेवायची. हा प्रयोग चालतो की बसतो हे ठरवतो स्ट्युअर्डिंगचा, म्हणजे भांडी धुण्याच्या विभागाचा माणूस. साडेनऊला प्लेटांचा ढीग लागलेला असताना साल कुठे आणि पराठा कुठे हे त्यानेच पाहायचे असते. त्याला काय चालले आहे हे नीट सांगितलेले नसेल तर तिसऱ्या दिवशी तिन्ही डब्यांत एकच काला सापडतो. पहिले दोन-तीन दिवस सरावाचे धरून सोडून द्यावेत.

पहिले दोन आठवडे मोठी प्लेट आणि पुढचे दोन लहान, अशी मांडणी सोपी वाटते, पण दुसऱ्या पंधरवड्यात लग्नाचे वऱ्हाड उतरले तर फरक प्लेटचा की वऱ्हाडाचा? आलटून पालटून आठवडे घेतले की हा धोका बराच कमी होतो. शहरातल्या व्यावसायिक हॉटेलात मंगळवारचा पाहुणा एकटा, घाईत आणि मोबाइलमध्ये डोके घातलेला असतो. रविवारी मुलेबाळे असतात. म्हणून रविवारची तुलना रविवारशीच व्हायला हवी. वाढप्यांना प्रयोगाचा हेतू कळला की तेही नकळत पाहुण्यांना थोडेथोडे घ्या म्हणू लागतात, आणि मग परिणाम प्लेटचा राहत नाही. त्यांना मोजणी चालू आहे एवढे सांगावे. कोणत्या उत्तराची आशा आहे ते सांगू नये.

आकड्यांचे माप माणशी ग्रॅम हेच ठेवावे. समजा, सोमवारी १२० पाहुण्यांनी मिळून ९.६ किलो टाकले आणि रविवारी ९० पाहुण्यांनी ८.१ किलो. एकूण वजन रविवारी कमी दिसते, पण माणशी हिशेब सोमवारी ८० ग्रॅम आणि रविवारी ९० ग्रॅम येतो. हॉटेलांचे स्वतःचे तक्ते पुष्कळदा एकूण किलोंवरच थांबतात आणि पाहुणे कमी असलेल्या महिन्यात नासाडी आटोक्यात आल्याचे समाधान मानतात.

विश्लेषण

चार आठवड्यांच्या या प्रयोगात अडीच-तीन हजार पाहुणे येऊन जातील, पण वजने २८च मिळतील, कारण प्रत्येकाचे ताट वेगळे तोललेले नाही. तुलना १४ दिवसांची १४ दिवसांशी आहे. तीन हजारांचा नमुना घेतल्याचा दावा विद्यार्थ्याला मोह पाडतो आणि मुखपरीक्षेत तोच अंगाशी येतो. दोन सरासऱ्यांमधला फरक पाहायला टी-चाचणी पुरते, आणि ती एक्सेलमध्येही होते. एसपीएसएससारखे सॉफ्टवेअर नसले म्हणून संशोधन अडत नाही.

चाचणीने फरक योगायोगाचा नसावा असे सांगितले, तरी तो फरक कामाचा आहे का हा वेगळा प्रश्न उरतो. माणशी चार ग्रॅम घटले तर आनंद मानायचा का? रोजचे पाहुणे, वर्षाचे दिवस आणि अन्नाचा किलोमागचा खर्च गुणून नवीन प्लेटांच्या किमतीशी ताडून पाहिले की शेफला कळेल असे उत्तर मिळते. उलट, काहीच फरक आढळला नाही तर तेही उत्तरच आहे. उत्तर आवडले नाही म्हणून दोन दिवसांचे वजन ‘दुरुस्त’ करणे हा या सगळ्या खटाटोपाचा घात आहे.

प्रश्नावली वापरली असेल तर विधाने एकमेकांशी जुळतात का हे पाहायला क्रोनबाक यांचा १९५१चा अल्फा वापरतात, ०.७च्या वर तो ठीक मानला जातो. उत्तरे देणारे किती पुरुष आणि किती स्त्रिया, किती विवाहित आणि किती अविवाहित, अशा प्रत्येक प्रश्नाला एक रंगीत गोल आलेख देऊन वीस पाने भरण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. ती सगळी माहिती एका तक्त्यात मावते. आलेख ठेवावा तो प्रकल्पाच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर दाखवणारा.

लेखन

अहवालाची पाच प्रकरणे ठरलेली असतात, पण ती त्याच क्रमाने लिहिण्याची सक्ती नाही. पद्धतीचे प्रकरण मोजणी चालू असतानाच लिहिलेले बरे, कारण डबे कुठे ठेवले होते आणि काटा कोणता होता हे दोन महिन्यांनी आठवत नाही. मग निष्कर्ष, मग आढाव्याची छाटणी, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी.

निष्कर्ष आणि शिफारशी यांची सरमिसळ हा नेहमीचा दोष. काय आढळले तो निष्कर्ष; त्यावरून काय करावे ती शिफारस. ‘हॉटेलने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ हे वाक्य कोणत्याही अहवालात बसते, आणि ते लिहायला कोणताही अभ्यास लागत नाही. ‘सोमवार ते गुरुवार लहान प्लेट ठेवावी, रविवारी पराठ्याचे तुकडे निम्मे करावेत’ हे वाक्य मात्र त्या चार आठवड्यांशिवाय लिहिता आले नसते. मर्यादांचा परिच्छेद ‘वेळ आणि पैसा कमी होता’ यावर आटोपू नये. एकच हॉटेल, एकच ऋतू, अमुक दोन दिवशी काटा बंद पडला, हे वाचून वाचकाला निष्कर्षावर किती विसंबायचे ते कळते.

उचलेगिरीबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८चे आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही; त्यापुढे पायऱ्या सुरू होतात. पण शब्द फिरवून टक्केवारी खाली आणणे म्हणजे प्रामाणिक लेखन झाले असे नाही. वाक्य दुसऱ्याचे असेल तर अवतरण चिन्हे आणि नाव, कल्पना दुसऱ्याची असेल तर नाव. सॉफ्टवेअरला कल्पना ओळखता येत नाही, परीक्षकाला येते.

मुखपरीक्षा आणि नंतर

बाहेरून येणारा परीक्षक पुष्कळदा हॉटेलात वर्षानुवर्षे काम केलेला असतो. तो टी-चाचणीचे सूत्र क्वचितच विचारतो. डबे किती वाजता उचलले, उरलेले सांबार कोणत्या डब्यात गेले, त्या आठवड्यात शेफ रजेवर होता का, असे प्रश्न येतात. मोजणीच्या जागी स्वतः उभा राहिलेला विद्यार्थी अशा वेळी अडखळत नाही. सादरीकरण दहा मिनिटांचे असेल तर विषयाच्या ओळखीला एक मिनिट पुरे. हॉस्पिटॅलिटी उद्योग म्हणजे काय हे त्या टेबलापलीकडच्या कोणालाच ऐकायचे नसते. प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर तसे सांगावे आणि ते शोधायचे झाल्यास काय मोजावे लागेल ते सांगावे.

एक काम मुखपरीक्षेनंतरही उरते. परवानगी देताना हॉटेलला निष्कर्ष कळवण्याचे कबूल केलेले असते आणि गुण लागल्यावर ते विसरले जाते. जाड ब्लॅकबुक तिथे कोणी वाचणार नाही. दीड पानाचा सारांश, त्यात एक तक्ता आणि दोन शिफारशी, असा कागद शेफकडे द्यावा आणि त्याची हिंदी प्रत स्ट्युअर्डिंगच्या फळ्यावर लावायला सांगावे. रोजच्या वजनांच्या मूळ नोंदी महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे जपून ठेवाव्यात, आणि मुलाखतींच्या कागदांवर चुकून कोणाचे नाव राहिले असेल तर ते खोडून टाकावे.